पुण्यातलं घर, बोल्डरचं ऊन

सकाळी ७.३०

रात्री वीज गेलेली असली की सकाळचा पहिला फोन ठरलेला. "ताई, फाइल उघडत नाहीये. अकरा वाजता क्लायंट येणार आहेत." कोथरूडचा एक तरुण डिझायनर. ऑटोकॅडमध्ये स्वयंपाकघराचं ड्रॉइंग करत बसला होता, लॅपटॉपच्या बॅटरीत दम उरलेला नाही, वीज गेली आणि मशीन बंद पडलं.

इंटिरियर डिझायनर, आर्किटेक्ट, कधी सुतार, कधी घरमालक स्वतः, यांची ड्रॉइंग आणि मॉडेल अडली की ती सोडवून देणं हा माझा व्यवसाय. अशा फोनवर माझं पहिलं वाक्य एकच असतं: "त्या फाइलला आता हात लावू नकोस. आधी तिची प्रत कर आणि जे करायचं ते प्रतीवर कर." घाबरलेला माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघतो. एखाद्या वेळी ती अर्धवट उघडते, तो घाईघाईने सेव्ह करतो, आणि वाचवता आलं असतं तेही त्या सेव्हमध्ये जातं.

प्रत झाली. ऑटोकॅडची 'रिकव्हर' कमांड चालवली, तिने हात टेकले. मग फोल्डरमध्ये त्याच नावाची बॅक फाइल शोधायला सांगितली. शेवटच्या सेव्हच्या आधीची अवस्था तिच्यात असते. एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती उघडते. पण ती संध्याकाळची निघाली. त्याहून ताजं हवं तर विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये जायचं. तिथे एसव्ही आणि पुढे डॉलरचं चिन्ह अशा एक्स्टेन्शनची ऑटोसेव्ह फाइल असते. ऑटोकॅड नीट बंद केलं तर ती पुसली जाते, मशीन अचानक बंद पडलं तर मागे राहते. तीच सापडली. ऑटोसेव्हची वेळ मुळात दर १० मिनिटांची असते, म्हणजे गेलं असेल ते फार तर १० मिनिटांचं काम. स्केचअपमधलं मॉडेल असतं तर मूळ फाइलच्याच फोल्डरमधली एसकेबी फाइल बघितली असती.

फोन ठेवण्याआधी त्याला विचारलं, फाइल होती कुठे? पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हवर थेट काम करणं बंद कर, एवढंच सांगितलं. फाइल आधी मशीनवर घ्यायची, काम संपलं की पेनड्राइव्हवर प्रत टाकायची.

सकाळी ९.१५

नारायण पेठेतल्या ऑफिसात आले तर एक मुलगी लॅपटॉप उघडून वाट बघत होती. बिल्डरने दिलेला फ्लॅटचा प्लॅन स्केचअपमध्ये आणला आणि त्यात सोफा ठेवला, तर सोफा दिसेचना. दिसत नव्हता कारण दहा फुटांची बेडरूम २५४ फुटांची झाली होती.

हा आकडा दिसला की पुढचं शोधावं लागत नाही. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. प्लॅन मिलिमीटरमध्ये काढलेला, आणि आणताना एकक निवडलं गेलं इंच. ३०४८ इंच म्हणजे बरोबर २५४ फूट. इम्पोर्टच्या खिडकीत 'ऑप्शन्स' नावाचं बटण असतं, तिथे एकक सांगायचं असतं; बहुतेकांनी ते बटण दाबलेलंच नसतं. उलटी चूक अधिक त्रासाची. इंचातला प्लॅन मिलिमीटर म्हणून आला तर खोली काडेपेटीएवढी होते आणि बारीक रेषा एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. त्या पुन्हा मोठं करून परत येत नाहीत, प्लॅन नव्यानेच आणावा लागतो.

तिच्या फाइलला सोपा उपाय होता. टेप मेजर घ्यायचा, ज्याचं खरं माप माहीत आहे अशा भिंतीच्या दोन टोकांवर क्लिक करायचं, खरं माप टाइप करून एंटर दाबायचं. मॉडेल त्या मापाला आणायचं का, असं स्केचअप विचारतं, हो म्हणायचं. त्यासाठी दाराचं माप धरू नये. दार लहान असतं, त्यातली थोडी चूक सगळ्या घरावर वाढत जाते. घरातली सगळ्यांत लांब भिंत धरावी.

तिची दुसरी तक्रार: खोलीत आत शिरलं की भिंती कापल्यासारख्या नाहीशा होतात. प्लॅन मूळ बिंदूपासून फार दूर पडला होता आणि एक भरकटलेली रेषा त्याहूनही दूर होती. रेषा पुसली, प्लॅन मूळ बिंदूवर आणला, भिंती जागेवर आल्या. तिसरी: जमिनीच्या चारही रेषा काढल्या तरी जमीन भरत नाही. इथे मी रेषांना अक्षांप्रमाणे रंग देणारी सोय चालू करते. अक्षाला समांतर असलेली रेषा लाल, हिरवी किंवा निळी दिसते आणि वाट चुकलेली काळीच राहते. एक रेषा काळी होती. तिचं टोक जमिनीवर न बसता चार इंच उंचीच्या स्कर्टिंगच्या माथ्याला चिकटलं होतं, म्हणून चार रेषा एका पातळीत नव्हत्या आणि भरायला पातळीच नव्हती.

सकाळी १०.४५

वारज्याची साइट. इथे सॉफ्टवेअरची तक्रार कुणाचीच नव्हती. मॉडेल सुरेख, रेंडर सुरेख, डिझायनर खूश. बोलावलं होतं ते सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी.

"ताई, या ड्रॉइंगप्रमाणे प्लाय कापला तर कपाटाला फट राहणार. भिंत गुण्यात नाही."

"किती फरक आहे, दादा?"

त्यांनी गुण्या कोपऱ्यात लावून दाखवला. एका टोकाला उजेड दिसत होता.

दिवसभरातलं हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण हा असा दोष आहे ज्याच्यावर कोणतंही सॉफ्टवेअर एरर देत नाही. डिझायनरने खोलीच्या चारही भिंती नीट मोजल्या होत्या: समोरासमोरच्या १२ फूट आणि १२ फूट, १० फूट आणि १० फूट. मापं अचूक. मॉडेलमध्ये आयत काढला, तो जुळला, जमीन भरली, सगळं हिरवं-लाल. पण चार बाजूंनी चौकोनाचा आकार ठरत नाही. त्याच चार बाजू ठेवून चौकोन एका अंगाला कलंडू शकतो. आकार ठरवायला पाचवं माप लागतं, आणि ते म्हणजे कर्ण.

आम्ही तिघांनी टेप धरला. १० बाय १२ चा खरा आयत असता तर कर्ण १५ फूट साडेसात इंच आला असता. आला १५ फूट ९ इंच. मग दुसरा कर्ण मोजला, तो १५ फूट ६ इंच भरला. हे दोन आकडे एकमेकांना धरून होते, म्हणजे टेप कुठे सैल पडला नव्हता. कोपरा काटकोनापेक्षा साधारण एका अंशाने उघडला होता. एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण दोन फूट खोल कपाट त्या कोपऱ्यात ठेवलं की पुढच्या टोकाला सुमारे १० मिलिमीटरची पाचरीसारखी फट राहते. १८ मिलिमीटरच्या प्लायच्या कामात ती लपत नाही, आणि कपाट एकदा कापलं की भिंत काही सरकत नाही.

डिझायनरने तिथेच बसून नवा आराखडा केला. आधी १२ फुटांची भिंत काढायची. तिच्या एका टोकावरून १० फूट त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून १५ फूट ९ इंचांचं. ती जिथे छेदतात तो खोलीचा खरा कोपरा. हे काम ऑटोकॅडमध्ये करावं. स्केचअपमधलं वर्तुळ सरळ तुकड्यांचं बनलेलं असतं, त्यामुळे छेदबिंदू थोडा सरकतो. नव्या आराखड्यात कपाटाच्या कडेला फिलर पट्टी धरली. मिस्त्री म्हणाले, "आता कापतो." गुण्या आणि ओळंबा वापरणारा माणूस साइटवर असेल तर मॉडेल त्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर ज्याची चाहूलही लागत नाही ते त्याच्या हाताला कळतं.

निघताना ओट्याच्या बाजूचं माप पुन्हा घेतलं. बिल्डरच्या प्लॅनमध्ये पुष्कळदा विटांची भिंत असते, तिच्यावरचा गिलावा आणि टाइल्स नसतात. दोन्ही बाजूंचा मिळून इंच-दीड इंच असा सहज जातो, आणि ऐन वेळी फ्रिज बसत नाही.

दुपारी १.१५

डबा. फोन बाजूला.

दुपारी २.००

मंद चालणारी मॉडेल. या तक्रारीत लोक नवा लॅपटॉप घ्यायला निघालेले असतात, म्हणून आधी फाइल बघते. आजच्या मॉडेलमध्ये बैठकीच्या खोलीत एक झोपाळा होता आणि कोपऱ्यात समई. दोन्ही स्केचअपच्या थ्रीडी वेअरहाउसमधून उतरवलेली. समईच्या प्रत्येक वळणाला बारीक पैलू, झोपाळ्याच्या कड्यांची एकेक कडी कोरलेली. उरलेलं सगळं घर मिळून जेवढं जड नव्हतं तेवढ्या या दोन वस्तू. त्या वेगळ्या टॅगवर टाकून काम करताना लपवल्या, रेंडरच्या वेळीच दाखवायच्या. मॉडेल इन्फोमधून 'पर्ज अनयूज्ड' चालवलं. आणून मग पुसलेल्या सोफ्यांचा आणि टाइल्सचा साठा फाइलच्या पोटात तसाच पडून असतो, तो गेला. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या सहा वेगवेगळे ग्रुप होत्या, त्यांचं एकच कंपोनंट केलं. एवढ्याने मॉडेल हलकं फिरायला लागलं.

नाही लागलं, तर दुसरी जागा ग्राफिक्स कार्डाची. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि विंडोज वीज वाचवायला हलकी चिप वापरतं. डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये जाऊन स्केचअपला 'हाय परफॉर्मन्स' द्यावं लागतं. २०२४ च्या आवृत्तीपासून स्केचअपचं ग्राफिक्स इंजिन नवं आहे. जुन्या मशीनवर पडदा काळा पडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'क्लासिक' इंजिन निवडून बघावं.

फरशी लुकलुकते, ही तक्रार मात्र मशीनची नव्हे. दोन पृष्ठभाग नेमके एकाच पातळीवर आले की पुढे कुठला दाखवायचा हे ठरत नाही. एक पुसावा, किंवा टाइलची जाडी खरोखर द्यावी.

दुपारी ३.३०

बाणेरच्या एका फ्लॅटचं मॉडेल. दक्षिणेला बैठकीची खोली, पुढे बाल्कनी नाही, सात फूट उंचीची मोठी काच. डिझायनरने डिसेंबरच्या दुपारची सावली लावून दाखवली: ऊन थेट समोरच्या भिंतीजवळ, चौदा फूट आत. त्यावरून सोफ्याची जागा बदलली, जाड पडद्यांचा खर्च धरला, घरातल्या आजींना उन्हात बसायची हौस म्हणून त्यांची आरामखुर्ची पार आतल्या भिंतीशी ठेवली.

मी मॉडेल इन्फो उघडून 'जिओ-लोकेशन' बघितलं. घर बाणेरला नव्हतं. ते अमेरिकेत, कोलोरॅडोमधल्या बोल्डर शहरात होतं.

स्केचअप जन्मलं बोल्डरमध्ये, २००० साली, ॲट लास्ट सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीत. २००६ मध्ये ते गूगलने घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबलने. मालक बदलत गेले, पण नवी फाइल उघडली की तिचं मुळातलं ठिकाण बोल्डर असतं. ते बदला, असं कुणी सांगत नाही. सावली पडते, सुंदर दिसते, आणि ती दुसऱ्या देशाची असते.

बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी बोल्डरचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो, पुण्याचा ४८ अंश. सात फुटांच्या काचेतून बोल्डरला ऊन चौदा फूट आत जातं. पुण्यात ते सव्वासहा फुटांवर थांबतं. आजींची खुर्ची सबंध हिवाळाभर सावलीत राहिली असती.

उन्हाळ्यातला फरक आणखी मोठा. बोल्डरमध्ये माध्यान्हीचा सूर्य वर्षातल्या एकाही दिवशी उत्तरेकडे जात नाही. पुण्यात मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीला किंचित उत्तरेला असतो. या काळात सकाळी आणि संध्याकाळी तो चांगलाच उत्तरेकडून येतो, म्हणजे 'उत्तरेच्या खिडकीला ऊन नाही' हे पुण्यात वर्षभर खरं नाही. तिरपं ऊन वरच्या छज्ज्याने अडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर येणारंही अडत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हवा. हे सगळं मॉडेल दाखवू शकतं, पण त्याला आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं.

सांगण्याच्या गोष्टी तीन. अक्षांश-रेखांश. मग सावलीच्या खिडकीतला टाइम झोन, तो यूटीसी अधिक साडेपाच हवा. बोल्डरचा उणे सात तसाच राहिला तर पुण्याच्या दुपारी मॉडेलमध्ये रात्र असते. आणि तिसरी, हमखास विसरली जाणारी, उत्तर दिशा. स्केचअपमध्ये हिरव्या अक्षाची सलग रेषा म्हणजे उत्तर. प्लॅन कागदावर सरळ दिसावा म्हणून बिल्डर तो फिरवून काढतात, आणि आपण तसाच आणतो. साइटवर होकायंत्र धरून एका भिंतीची दिशा घ्यावी आणि प्लॅन तेवढा फिरवावा. पडताळा घ्यायचा तर पुण्याची खरी माध्यान्ह घड्याळात साधारण बारा पस्तीसला येते, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या पश्चिमेला. त्या सुमाराला मॉडेलमधली सावली उत्तर-दक्षिण पडली पाहिजे.

खुर्ची खिडकीजवळ आली. पडद्यांचा खर्च निम्म्यावर. एक गोष्ट मात्र या मॉडेलमध्ये दिसणार नाही, ती मी प्रत्येकाला बोलून सांगते: यात फक्त ऊन आहे, पाऊस नाही. नैर्ऋत्येकडून येणारी झड कुठल्या काचेवर बसेल ते शेजाऱ्यांना विचारावं.

संध्याकाळी ५.४५

साताऱ्याच्या काकूंचा व्हिडिओ कॉल. निवृत्त शिक्षिका. घराचं नूतनीकरण करायचंय आणि आराखडा स्वतः करायचा म्हणून त्यांनी स्वीट होम थ्रीडी शिकून घेतलं. फुकट आहे, मुक्त आहे, घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. मी ते मनापासून सुचवते.

"अगं, खोली दहा फुटांची काढली तर आतून सव्वानऊ फूटच दाखवतंय."

"काकू, भिंतीची जाडी किती दिलीत?"

"नऊ इंच. आमच्या भिंती तेवढ्याच आहेत."

या सॉफ्टवेअरमध्ये भिंत तिच्या मध्यरेषेवरून काढली जाते. दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी जाडी आत येते, म्हणून नऊ इंच गेले. आतून दहा हवी तर रेषा दहा फूट नऊ इंचांची काढायची. खोलीत डबल-क्लिक करूनही फरशी भरत नव्हती. एका कोपऱ्यात दोन भिंती जवळ होत्या, पण जोडलेल्या नव्हत्या. टोक ओढून जोडलं. भिंतींची उंचीही अडीच मीटरच राहिली होती, त्यांची खोली दहा फूट उंच. ते बदलल्यावर माळ्याला जागा निघाली. पुढच्या वेळी घराचा जुना नकाशा फोटो काढून पार्श्वभूमीला ठेवायचा आणि एका मोजलेल्या भिंतीवरून त्याचं प्रमाण ठरवायचं, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी ७.००

छपाईच्या दुकानातून फोन: ड्रॉइंगवर 'देवघर' लिहिलंय तिथे रोमन अक्षरांची खिचडी आलीय. लेबलं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली; तो फॉन्ट दुकानाच्या मशीनवर नाही. लेबलं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतली आणि यापुढे ड्रॉइंगऐवजी फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवायला सांगितली. दुकानदाराला एक विनंती केली, 'फिट टू पेज' काढून टाका. कागदाला बसवण्यासाठी ड्रॉइंग थोडं आक्रसतं, १:२० हे प्रमाण कागदावर लिहिलेलंच राहतं, आणि साइटवर कुणीतरी त्यावर पट्टी लावतं. मी प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेषा काढायला लावते. छापून आल्यावर ती पट्टीने मोजायची. १०० भरली तरच कागद साइटवर जातो.

रात्री ८.१५

दिवसभरात दुरुस्त झालेल्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये, एक प्रत वेगळ्या डिस्कवर. जोडलेल्या फाइली आणि फॉन्ट मागे राहू नयेत म्हणून ऑटोकॅडची ड्रॉइंग 'ई-ट्रान्समिट'ने बांधून ठेवते.

तुमच्या घराचं काम निघणार असेल आणि डिझायनर तुम्हाला पडद्यावर सुंदर घर दाखवत असेल, तर रंग आणि पडदे ठरवण्याआधी त्यांना तीन गोष्टी जरूर विचारा. खोल्यांचे कर्ण मोजलेत का? माप गिलाव्यानंतरचं आहे का? आणि मॉडेलमधलं हे घर कुठल्या गावात आहे? चांगला डिझायनर या प्रश्नांवर रागावत नाही, फाइल उघडून दाखवतो.